दोन्हीकडचं सारखं ऐकणारा माईक

माईक विकत घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदार साधारण दोन प्रश्न विचारतो. लग्नासाठी हवा की गणपतीसाठी, आणि वायर किती फूट देऊ. रामदास बागुलनं या दोन्ही प्रश्नांना उत्तर दिलं नाही. त्यानं उलट हसमुखभाईंनाच विचारलं, "हा माईक मागून ऐकतो का?"

सुरतेच्या चौटा बजारात हसमुखभाईंचं रेडिओ-ॲम्प्लिफायरचं दुकान होतं आणि पंचवीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी माईक उलटा करून पाहिला. मागे कंपनीचा शिक्का होता.

"पाछळथी कोण बोलणार, भाई? गाणारा तर आगळ उभा राहील ने."

"माझ्याकडे एक पुढून गाणार आणि एक मागून. दोघींचं सारखं ऐकायला पाहिजे. आणि बाजूचं काही म्हणजे काही ऐकायला नको."

"एवो तो माणूस पण नाही मळत," हसमुखभाई म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला. चहा सांगणं म्हणजे गिऱ्हाईक लवकर उठणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. ते बरोबरच होतं. रामदास त्यानंतर तीन महिने त्या दुकानात येत राहिला.

प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. रामदास हजीऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. खिळ्यापासून गमबुटापर्यंत साडेचार हजार वस्तू त्याच्या ताब्यात होत्या आणि कोणती कोणत्या रॅकवर आहे हे तो न बघता सांगायचा. अशा माणसाचा एक समज होऊन बसतो की कुठलीही गोष्ट नीट निवडली आणि नीट जागेवर ठेवली की पुढचं सगळं आपोआप नीट होतं. रामदासचा तसा समज होता. शिवाय पोस्टानं केलेल्या रेडिओ मेकॅनिकच्या कोर्सचं सर्टिफिकेट त्याच्याकडे होतं. या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र येऊ नयेत असा खरं तर नियम हवा.

त्याला रेकॉर्ड करायचं होतं कानबाईचं गाणं. खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांमध्ये श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, चुनरी, दागिने. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोट खातात आणि सोमवारी सकाळी देवीला तापीवर पोचवून येतात. बागुलांच्या घरात देवी उठण्यापूर्वी एक लांबलचक गाणं म्हणायची रीत होती. त्यात एक बाई विचारते आणि दुसरी उत्तर देते. देवी कुठून निघाली, कोणत्या वडाखाली थांबली, कोणाच्या हातचं पाणी प्यायली, असे चोवीस कडव्यांचे सवालजवाब. गाणं कुठेही लिहिलेलं नव्हतं. सवाल यायचे रामदासच्या आईला, मंगलाबाईंना. जवाब यायचे त्यांच्या धाकट्या जावेला, रुक्मिणीकाकूला. एकीला दुसरीचं येत नव्हतं आणि तिसऱ्या कोणाला काहीच येत नव्हतं.

अडचण अशी की या दोघी जावा सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी काकूनं थोरलीला न विचारता देवीला नथ घातली. मंगलाबाई म्हणाल्या, मान माझा होता. काकू म्हणाली, देवी तासभर बिननथीची बसली होती तेव्हा मान कुठे गेला होता. संपलं. तेव्हापासून सणावारी जमल्या तरी दोघी एकाच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर बसून रामदासमार्फत बोलत.

"रामदास, तुन्ही काकूले सांग, पीठ संपनं."

"रामदास, तुन्ही मायले सांग, माले ऐकू उनं."

वर्षातून एकदा मात्र त्या गायच्या. देवीकडे बघत, एकमेकींकडे न बघता, पण ऐकणाऱ्यांना वाटायचं, एकही कडवं न चुकवता. आणि यंदा काकू कायमची चालली होती. तिचा मुलगा गोपाल नवागामचं बिऱ्हाड मोडून पारोळ्याला किराणा दुकान टाकत होता. देवी उठली की त्याच संध्याकाळच्या भुसावळ गाडीनं माय-लेक निघणार होते. म्हणजे पुढच्या वर्षीपासून सवाल सुरतेत आणि जवाब पारोळ्यात. लहानपणापासून श्रावण म्हणजे रामदासला ते गाणं ठाऊक होतं आणि ते असं दोन तुकडे होऊन विझून जाणार हे त्याला सहन होत नव्हतं. तो हे कोणाला बोलून दाखवत नसे. तो माईकबद्दल बोलत असे.

आठाच्या माईकची माहिती त्याला कारखान्याच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मिळाली होती. एक माईक समोर तोंड करून ठेवायचा, तो मधला. त्याला चिकटून दुसरा आडवा ठेवायचा, तो बाजूचा. हा बाजूचा माईक डावीकडचं आणि उजवीकडचं अगदी सारखं ऐकतो आणि समोरचं ऐकतच नाही. त्याच्या ऐकण्याचा नकाशा काढला तर इंग्रजी आठाचा आकडा होतो. डावीकडचा आवाज तो अधिक धरतो, उजवीकडचा उणे. मधल्यात तो मिळवला की झाला डावा स्पीकर, मधल्यातून वजा केला की झाला उजवा. रामदासनं हे तीन वेळा वाचलं आणि त्याला वाटलं, हे मासिक बागुलांच्या घरात येऊन गेलेल्या कोणीतरी लिहिलं असावं.

"दोघींना दोन माईक द्या ना," उज्ज्वला, त्याची बायको, म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

"दोन माईक म्हणजे दोन मापं झाली. काकूचा आवाज जरा बारीक आला की काकू म्हणणार, आईला चांगला दिला, मला फुटका. माय म्हणणार, माझा माईक मागे का. आठाच्या माईकला मागची बाजू नसतेच. दोन्ही पुढच्याच. दोन्ही बाजूंना निसर्गानंच समान केलंय, तिथे आपला हात नाही."

"मग निसर्गालाच सांगा रेकॉर्ड करायला," असं म्हणून उज्ज्वला तांदूळ धुवायला उठली.

आता निवड. हसमुखभाईंनी दोन प्रकार सांगितले. पहिला खटक्याचा. खटका एका बाजूला सरकवला की माईक समोरचं ऐकतो, मध्ये आणला की आठाचं ऐकतो. पण त्याला स्वतःची वेगळी वीज लागते आणि रामदास राहायचा त्या गोडादऱ्यातली वीज म्हणजे दुपारी शेजारचे माग सुरू झाले की पंखासुद्धा विचार करत फिरणारी. दुसरा पट्टीचा. त्याच्या पोटात दोन चुंबकांच्या मध्ये मिठाईवरच्या वर्खासारखी एक पातळ पट्टी टांगलेली असते. तो जन्मतःच आठाचा. त्याला वीज लागत नाही, खटका लागत नाही. फक्त वारा सोसत नाही.

"एने फूंक नई मारवानी," हसमुखभाईंनी बजावलं. "फूंक मारली के खलास."

रामदासनं ऑफिसच्या कागदावर तक्ता केला. एका रकान्यात खटका, एका रकान्यात पट्टी. गुण, दोष, धोका, शेरा. हा तक्ता तो डब्याबरोबर कारखान्यात न्यायचा आणि जेवताना घास हातात धरून बघत बसायचा. शेजारच्या दत्तूला, जो मराठवाड्यातून येऊन सेंट्रिंगची कामं घ्यायचा, त्यानं तो दाखवला. दत्तूनं तक्ता बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी माईक स्लॅबला टांगा. वरून समदं सारखंच ऐकू येतं. देवाला नाही का येत." रामदासनं हेही शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. त्याच्या मनाची अवस्था तशी झाली होती.

शेवटी पट्टी ठरली. मुंबईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओचा जुना माईक हसमुखभाईंच्या ओळखीनं मिळाला. तो ट्रान्सपोर्टनं निघाला आणि देवी बसायला दोन दिवस उरले असताना, शुक्रवारी, जकात नाक्यावर अडकला.

रामदास अर्ध्या दिवसाची रजा टाकून नाक्यावर गेला. बरोबर लोटू आप्पा आले. आप्पा भाऊबंदांतले वडीलधारे, वय सत्तर, आणि समाजाच्या कुठल्याही कार्यक्रमात माईकवरून सूचना देण्याचं काम गेली तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांना न नेणं शक्य नव्हतं, कारण ते आधीच स्कूटरवर बसले होते.

कारकुनानं खोकं उघडलं. आत लहान मुलाच्या डोक्याएवढा, काळा, जाळीचा माईक होता. त्यानं वहीचं पान उलटलं, मग आधीचं पान, मग पुन्हा तेच.

"आ शुं छे? मशीननो पार्ट?"

"माईक आहे. दोन्ही बाजूंनी ऐकणारा."

"बे बाजूथी? तो बे नंग लखुं."

"दोन नाही, एकच आहे."

"तमे ज कह्युं ने, बे बाजू," कारकून दुखावून म्हणाला. "अने माइक छे एनी खातरी शुं? माइक तो लांबो होय. हाथमां पकडाय एवो."

रामदासनं मासिक बाहेर काढलं. तो आठाचा आकडा दाखवू लागला. कारकून आकड्याकडे बघून म्हणाला की आठ नंग असतील तर वेगळा फॉर्म भरावा लागेल. मागे लायनीत साडीच्या गाठोड्यांवर बसलेले लोक कंटाळून पुढे येऊन बघायला लागले. या गडबडीत लोटू आप्पांना वाटलं की इथे वडीलधाऱ्या माणसानं काहीतरी केलं पाहिजे. त्यांनी माईक दोन्ही हातांनी उचलला, तीस वर्षांच्या सवयीनं तोंडाजवळ धरला, छाती भरून घेतली आणि जाळीत दोनदा फुंकर मारली. मग म्हणाले, "हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

आतून टर्र असा बारीकसा आवाज आला. तो फक्त रामदासला ऐकू आला.

कारकून वाट बघत होता. माईकला वायर नव्हती, ॲम्प्लिफायर नव्हता, तेव्हा अर्थातच नाक्यावर काही घुमलं नाही. "बोलतुं नथी," कारकून म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला, कारण आता रकाना सापडला होता. "बंध माल. बंध माल भंगारमां जाय." त्यानं शिक्का मारला. मुंबईहून मागवलेला, तीन महिने तक्ता करून निवडलेला माईक भंगार म्हणून, भंगाराच्या दरानं, पावतीसह रामदासच्या हातात आला.

बाहेर पडल्यावर लोटू आप्पा म्हणाले, "देख, मी व्हतू म्हनीसन सुटनं." रामदासनं खोकं स्कूटरला बांधलं. वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही हे त्याच्यावर लहानपणी फार घट्ट बिंबवलं गेलं होतं आणि त्या दिवशी त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.

घरी येऊन त्यानं जाळी काढली. पट्टी मधोमध फाटली होती. तो पलंगावर माईक मांडीवर घेऊन बसून राहिला. उज्ज्वलानं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. त्याला रडू येईल असं वाटलं, पण घरात पाहुणे यायला सुरुवात झाली होती.

शनिवारी सकाळी हसमुखभाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि फळीवरून ऑर्केस्ट्राचे दोन साधे माईक काढले. एकाच कंपनीचे, एकाच भावाचे. दोघांची पाठ एकमेकांना लावून त्यांनी ते सुतळीनं बांधले. "हवे एकनी वायर उलटी करी नाखो," ते म्हणाले. "थई गयो आठडो."

रामदासनं हिशोब करून पाहिला आणि ते खरं निघालं. पाठीला पाठ, एकाची वायर उलट, की झाला आठाचा माईक. म्हणजे दोघींना दोन माईक. तो घरी आला तेव्हा उज्ज्वला दारातच होती. तिनं सुतळीनं बांधलेले दोन माईक पाहिले. तिनं बोट लावून ते मोजले, एक, दोन, आणि ते रामदासला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

रविवारी देवी बसली. घर भाऊबंदांनी भरून गेलं. मंगलाबाईंनी माईक हातात घेऊन दोन्ही जाळ्या तपासल्या. एक दुसरीपेक्षा मोठी नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी तो तसाच स्टुलावर ठेवला आणि मग तो काकूनं घेऊन तपासला. सगळं सुरळीत चाललं होतं, एवढ्यात दत्तू आत आला आणि मोकळ्या मनानं म्हणाला, "मंग भाऊ, उलटी वायर कोन्त्या बाईकडं हाये?"

दोघी जावांनी एकदम रामदासकडे पाहिलं.

"रामदास," मंगलाबाई म्हणाल्या, "तुन्ही काकूले सांग, उलटं माले चालाव नही."

"रामदास, तुन्ही मायले सांग, उलटं घेवाले मी काय रस्तामा पडेल शे?"

रामदासनं अशा वेळी एक प्रामाणिक माणूस करील तेच केलं. त्यानं आईला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं की उलटी वायर काकूकडे आहे. मग काकूला ओट्यावर नेऊन सांगितलं की उलटी वायर आईकडे आहे. दोघी समाधानानं आपापल्या जागी परत आल्या आणि एकमेकींकडे थोड्या दयेनं बघू लागल्या.

सोमवारी सकाळी मांडणी झाली. देवीकडे पाठ करून कोणी बसायचं नाही, म्हणून समोर देवीचा पाट, डावीकडे मंगलाबाई, उजवीकडे काकू आणि मधोमध स्टँड. स्टँडवर आडवा तो सुतळीचा आठ आणि त्याच्यावर मधला माईक. हा मधला लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडून मागून आणला होता, लांबुळका, नाकासमोरचं तेवढं ऐकणारा. त्याच्या नाकासमोर देवी होती. देवीच्या शेजारी, माश्या वारायला हातात पंखा घेऊन, लोटू आप्पा बसले होते. ती त्यांची ठरलेली जागा होती आणि तिथून त्यांना उठवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

रामदासनं हेडफोन कानावर चढवले. डेकवर कॅसेट फिरायला लागली. मंगलाबाईंनी पहिला सवाल टाकला आणि तो रामदासच्या डाव्या कानात आला, जवळून, श्वासासकट. काकूचा जवाब उजव्या कानात आला. मध्ये देवीची घंटा. त्याच्यासमोर दोघी जावा दोन भिंती असल्यासारख्या बसल्या होत्या आणि त्याच्या डोक्यात त्या एका घरात होत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मध्ये कुठेतरी दोघी थोड्या अडखळल्या, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. गाणं संपलं, देवी उठली, आणि सगळे तिला तापीवर पोचवून जेवायच्या वेळेला परत आले.

जेवणं झाली तशी सगळ्यांना टेप ऐकायची होती. चाळीस माणसं आणि हेडफोन एक. रामदास म्हणाला, थांबा, दोन स्पीकरचं काहीतरी बघतो. पण तोवर लोटू आप्पांनी त्यांचा टेपरेकॉर्डर आणलाच होता. एका स्पीकरचा, चामड्याच्या पिशवीतला, भाऊबंदांत सगळ्यांच्या घरी होता तसाच. आप्पांनी कॅसेट घातली आणि आवाज पूर्ण सोडला.

पहिल्यांदा घंटा ऐकू आली. मग आप्पांचा खोकला, अगदी खणखणीत. मग पंखा. मग आप्पांचा आवाज, "हं… व्हऊ द्या… हं." आणि या सगळ्याच्या पलीकडे, दोन गल्ल्या सोडून कोणाच्या तरी घरी चालल्यासारखं, काहीतरी बायकांचं गाणं. लोक कान देऊन बसले. पाच मिनिटं गेली. आप्पा शिंकले, तेही टेपवर.

"आवाज चांगला उना मन्हा," लोटू आप्पा म्हणाले.

रामदासला एका क्षणात सगळं कळलं. डाव्या स्पीकरमध्ये आठाचा माईक मिळवलेला, उजव्यात तोच वजा केलेला. दोन्ही बाजू एकाच स्पीकरमध्ये ओतल्या की तेवढेच अधिक आणि तेवढेच उणे. एवढा खपून बांधलेला आठाचा माईक आवाजातून पुसून गेला होता, आणि उरलं होतं फक्त मधल्या माईकच्या नाकासमोरचं. नाकासमोर लोटू आप्पा होते. रामदासनं हे घाबऱ्या घाबऱ्या समजावून सांगितलं.

"म्हंजे दोघी मिळून शून्य झाल्या," दत्तू म्हणाला. तो मदतच करत होता.

मंगलाबाई ताठ झाल्या. "रामदास, तुन्ही काकूले इचार, मन्हा आवाज काढाकरता तिनी तुले काय दिधं."

"तुन्ही मायले सांग," काकू म्हणाली, "मन्हाबी काढी टाका. जाता जाता मन्ही आठवन बी ठेवी नही." तिनं पिशवी उचलली. गाडी पाचची होती आणि साडेतीन वाजून गेले होते.

"आहे, काकू, तुमचा आवाज आहे," रामदास म्हणाला. "हेडफोनवर आहे. ऐकून जा." मग लगेच प्रश्न उभा राहिला की हेडफोन आधी कोणी लावायचा. मान थोरलीचा होता आणि गाडी धाकटीची होती. रामदास हेडफोन हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

उज्ज्वला पुढे आली. तिनं हेडफोन त्याच्या हातातून घेतला, दोन्ही वाट्या बाहेरच्या बाजूला पिरगाळल्या, काकूला दंडाला धरून पलंगावर बसवलं, सासूला तिच्या शेजारी बसवलं आणि एक वाटी एकीच्या, दुसरी दुसरीच्या कानाला लावली. वायर दीड हाताची होती. दोघींना डोक्याला डोकं लावावंच लागलं. दोघी दोन दिशांना बघत बसल्या. "आता लावा," उज्ज्वला म्हणाली.

रामदासनं कॅसेट डेकमध्ये घालून सुरू केली. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वाट्यांची अदलाबदल झाली आहे. उजवी आईकडे गेली होती, डावी काकूकडे. म्हणजे आईला फक्त काकू ऐकू येणार आणि काकूला फक्त आई. प्रत्येकीला वाटणार, आपलाच आवाज काढून टाकला. तो बंद करायला वाकला, पण उज्ज्वलानं त्याचा हात धरला.

खोलीत कोणाला काहीच ऐकू येत नव्हतं. दोन म्हाताऱ्या बायका डोक्याला डोकं लावून बसलेल्या तेवढ्या दिसत होत्या. मग काकूच्या कानात सवाल संपला असावा, कारण तिचे ओठ हलले. तिच्या कानात तिथे जागा रिकामी होती आणि तिथे तिचाच जवाब यायचा होता. तिनं तो पुटपुटत म्हटला. तो संपला तशी मंगलाबाईंच्या कानात जागा रिकामी झाली. त्यांनी सवाल म्हटला. पुढच्या कडव्याला आवाज थोडे वाढले. आठव्या-नवव्या कडव्यापर्यंत दोघी चांगल्या मोकळ्या गळ्यानं गात होत्या आणि चाळीस माणसं ऐकत होती. लोटू आप्पांनीसुद्धा खोकला दाबून धरला होता.

सोळावं कडवं झालं आणि दोघी एकदम थांबल्या. टेपवर तिथे काहीच नव्हतं.

"रुक्मिणी," मंगलाबाई म्हणाल्या, "अठे तू थांबनी."

सहा वर्षांत ते नाव त्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

"मी काबर थांबसू, बाई?" काकू म्हणाली. "तू सवालच टाका नही. पानी कोठे पिनी, ते कडवं. मी तुन्ही वाट पाही राहिंती."

"मी इसरनू?"

"इसरनी. मांगला सालले बी इसरनी व्हती. मी कोनले सांगं नही."

मंगलाबाईंनी कानाची वाटी खाली ठेवली. "कसाले नही सांगं?"

"कोनले सांगू?" काकू म्हणाली. "तू बोले नही."

रामदासनं घाईघाईनं स्टँड ओढला, सुतळीच्या गाठी तपासल्या, मधला माईक शोधायला लागला. तो व्हिडिओवाला घेऊन गेला होता. रामदास म्हणाला, "थांबा, दोन मिनिटं, बाजूचा लावतो, मधल्याचं बघतो काहीतरी."

"एकच आन," मंगलाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "आमनं तोंड आते एकच बाजूले शे."

त्यानं सुतळी सोडली. एक माईक लोटू आप्पांच्या टेपरेकॉर्डरला जोडून तो दोघींच्या समोर जमिनीवर उकिडवा बसला. दुसरा माईक त्याच्या काखेत होता. तीन महिने, एक तक्ता, एक रजा आणि फाटलेली पट्टी एवढं सगळं करून तो एका साध्या माईकवर एका स्पीकरचं रेकॉर्डिंग करत होता, आणि या गोष्टीचा अपमान वाटायला हवा हे त्याला कळत होतं. पण त्याला इतका आनंद झाला होता की हातातला माईक कधी आईकडे तर कधी काकूकडे सरकत होता. उज्ज्वलानं खाली बसून त्याचं मनगट धरलं.

मंगलाबाईंनी घसा साफ केला. देवी तापीत गेली होती, पाट रिकामा होता, बघायला समोर दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी सतराव्या कडव्याचा सवाल काकूच्या तोंडाकडे बघून विचारला. देवी पाणी कुठे प्यायली. काकूनं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं. दारात गोपाल रिक्षा घेऊन उभा होता, गाडीची वेळ होत आली होती, पण अजून सात कडवी बाकी होती आणि त्याला कोणी आत येऊ दिलं नाही.